कार्यकक्षेबाहेरचे साठ दलघमी: एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

पाणी, जंगल, मासे, खनिजे किंवा चराऊ जमीन यांविषयीचे धोरण ठरताना ज्यांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येतात अशा गटांमधला संघर्ष कसा हाताळावा, हे शिकवणारा आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी अलीकडेच पूर्ण केला. तो चालवणाऱ्या संस्थेचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझी तक्रार त्या संस्थेइतकीच या विषयाचे प्रशिक्षण ज्या साच्यातून दिले जाते त्या साच्याविषयी आहे. पाणीवाटपाच्या बैठकांची इतिवृत्ते लिहिण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली आहेत. इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते: दोन तास चाललेले भांडण ‘सविस्तर चर्चा झाली’ या तीन शब्दांत बसवता येते, आणि ते तसे बसवले की पुढच्या बैठकीत तेच भांडण पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे मी या वर्गात बसले ती थोडा संशय घेऊनच. आता माझे मत असे झाले आहे की बैठकीत काय करावे हे हा अभ्यासक्रम उत्तम शिकवतो. बैठकीआधी काय ठरून गेलेले असते याकडे मात्र तो जवळजवळ पाहतच नाही, आणि या वादांत हरणारे बरेचसे लोक त्या आधीच्या टप्प्यावरच हरलेले असतात.

एक खुलासा शब्दाचा. ‘स्टेकहोल्डर’ला मराठीत सर्रास ‘भागधारक’ म्हटले जाते. भागधारक म्हटले की कंपनीचे शेअर घेतलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. ज्याच्या मालकीचा नदीतला एक थेंबही नाही, पण ज्याचे पोट नदीवर आहे, तो मच्छीमार त्या शब्दात मावत नाही. म्हणून या लेखात मी ‘हितसंबंधी’ हा शब्द वापरते. तोही काही फार देखणा नाही, पण निदान तो माणसाला वगळत नाही.

पहिले तीन आठवडे सिद्धान्ताचे आहेत आणि ते ठीकठाक आहेत. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलेली सामाईक कुरणाची शोकांतिका, म्हणजे प्रत्येक जण आपापले एक गुरू वाढवत जातो आणि कुरण सगळ्यांचेच संपते, येथून सुरुवात होते. आणि प्रत्यक्षातली अनेक कुरणे, कालवे आणि किनारे असे का संपले नाहीत हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्यापाशी ती येऊन थांबते. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि तो मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत्या, एवढे सांगून पुढे जाणारे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत. येथे तसे झाले नाही. दीर्घकाळ टिकलेल्या सामाईक व्यवस्थांमध्ये त्यांना आढळलेल्या आठ तत्त्वांपैकी एकावर, म्हणजे तंटा मिटवण्याची जागा जवळची, स्वस्त आणि चटकन उपलब्ध होणारी असावी या तत्त्वावर, मार्गदर्शकांनी पूर्ण दीड तास दिला. पाळीच्या पाण्यावरून रात्री झालेला वाद सकाळी कालव्यावरच सुटला तर तो वाद राहतो; तोच वाद कचेरीत गेला की त्याची नस्ती (फाइल) होते आणि नस्तीला स्वतःचे आयुष्य असते. हे माझे शब्द आहेत, परंतु ते सुचले त्या तासाला.

त्या मानाने हितसंबंधींची वर्गवारी शिकवणारा तास मला पटला नाही. मिशेल, एगल आणि वुड या तिघांनी १९९७ मध्ये सत्ता, वैधता आणि निकड असे तीन निकष सुचवले. ज्याच्याकडे तिन्ही आहेत त्याच्याकडे आधी लक्ष जाते, ज्याच्याकडे एकच आहे त्याच्याकडे शेवटी. ही मांडणी मुळात व्यवस्थापकांचे लक्ष कोणाकडे जाते हे समजावून सांगण्यासाठी होती. अभ्यासक्रमात मात्र ती कोणाला बोलवावे हे ठरवण्याचे साधन म्हणून हाती दिली जाते. आम्हाला तीन वर्तुळे काढून त्यांत गटांची नावे भरायला सांगितले, आणि बाराही जणांच्या आकृत्यांमध्ये हंगामी स्थलांतर करणारे पशुपालक कडेला पडले, कारण त्यांच्याकडे सत्ता नाही, कागद नसल्यामुळे वैधता सिद्ध होत नाही, आणि त्यांची निकड अशी असते की ते बैठकीच्या महिन्यात तेथे नसतातच. साधन वापरून आम्ही नेमके तेच केले जे साधन नसतानाही होत आले आहे. ही गोष्ट मी चर्चेत मांडली तेव्हा ‘उत्तम निरीक्षण’ असा शेरा मिळाला आणि पुढची चित्रफीत सुरू झाली.

चौथ्या आठवड्यापासून अभ्यासक्रमाला रंग चढतो. मागणी आणि तिच्यामागची गरज यांतला फरक शिकवण्यासाठी त्यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोक्वाल्मी नदीचे प्रकरण घेतले आहे आणि ती निवड अगदी योग्य आहे. १९५९ च्या मोठ्या पुरानंतर नदीच्या मधल्या शाखेवर धरण बांधण्याचा प्रस्ताव आला. खोऱ्यातल्या पूरग्रस्त शेतकऱ्यांना तो हवा होता, पर्यावरणवाद्यांना नको होता, आणि वर्षानुवर्षे दोन्ही बाजू ‘धरण हवे’ आणि ‘धरण नको’ या दोनच वाक्यांत बोलत राहिल्या. राज्यपाल डॅनियल इव्हान्स यांच्या पाठिंब्याने जेराल्ड कॉर्मिक आणि जेन मॅकार्थी हे दोन मध्यस्थ कामाला लागले तेव्हा दिसले ते असे: शेतकऱ्यांना धरणाशी काही देणेघेणे नव्हते, त्यांना पुराच्या भीतीशिवाय शेती करत राहायचे होते, आणि विरोधकांचा राग केवळ भिंतीवर नव्हता, पूर थांबला की मोकळ्या झालेल्या खोऱ्यात शहर पसरेल आणि शेतीच संपेल ही त्यांची धास्ती होती. म्हणजे खोऱ्यात शेती टिकावी ही दोघांचीही इच्छा होती. डिसेंबर १९७४ मध्ये समझोता झाला. त्यात उत्तर शाखेवर लहान धरण, नदीपात्रापासून मागे सरकवलेले बांध आणि जमिनीच्या वापरावर निर्बंध अशी सांगड होती. अमेरिकेतल्या पर्यावरणविषयक मध्यस्थीचा हा पहिला मोठा प्रयोग मानला जातो.

अभ्यासक्रम ही गोष्ट येथे संपवतो. उत्तर शाखेवरचे ते लहान धरण पुढे बांधलेच गेले नाही, हे मात्र तेथे कोणी सांगत नाही. समझोता अयशस्वी झाला असे मी म्हणत नाही, कारण धरणाशिवायही त्यातला बराच भाग उपयोगी ठरू शकतो. पण सही झाली म्हणजे निर्णय झाला आणि निर्णय झाला म्हणजे अंमलबजावणी झाली, असा समज विद्यार्थ्याच्या मनात राहू देणे हे शिक्षकाला शोभत नाही.

पाचवा आणि सहावा आठवडा एका खेळाचा आहे, आणि केवळ त्या खेळासाठी हा अभ्यासक्रम करावा असे मी म्हणेन. अशा खेळांची परंपरा जुनी आहे. डेनिस मेडोज यांनी रचलेल्या मासेमारीच्या खेळात शहाणीसुरती माणसे काही फेऱ्यांतच समुद्र रिकामा करून दाखवतात हे अनेकांनी अनुभवले असेल. येथला खेळ एका काल्पनिक नदीखोऱ्याचा आहे. धरणाचा उपयुक्त साठा ९०० दलघमी (दशलक्ष घनमीटर), पण वर्ष टंचाईचे असल्याने हाती आहेत ५४० दलघमी. वरच्या कालव्याच्या शेतकऱ्यांची मागणी २६०, कालव्याच्या शेपटाकडच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांची १५०, शहराची १२०, आणि नदीत मासे जगावेत म्हणून मच्छीमारांनी मागितलेला प्रवाह १४०. बेरीज ६७०, तूट १३०. शिवाय जलविद्युत कंपनीची २०० दलघमीची मागणी वेगळीच. सहावी भूमिका धरण ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याच्या सचिवाची, आणि ती चिठ्ठी माझ्या वाट्याला आली. प्रत्येक भूमिकेच्या चिठ्ठीवर एक ओळ ठळक छापलेली असते: समझोता झाला नाही तर तुमच्या हाती काय उरेल. वरच्या कालव्याला २५०, शेपटाकडे ६०, मच्छीमारांना ४०. वाटाघाटीत कोण किती वेळ ताठ बसू शकतो हे या एका ओळीवर ठरते, आणि चार तासांत ते जितके अंगी भिनले तितके ते कोणत्याही व्याख्यानाने भिनले नसते. मच्छीमारांची बाजू मांडणारी सहाध्यायी पहिल्या तासात फार जोरात बोलत होती. आपली ओळ तिने पुन्हा वाचली असावी, कारण दुसऱ्या तासापासून ती प्रत्येक वाक्य ‘आम्ही समजून घ्यायला तयार आहोत’ असे सुरू करू लागली.

पहिली गाठ सुटली ती विजेची. कंपनीला लागणारे पाणी संपत नाही, जनित्रातून फिरून ते नदीतच येते. कंपनीला हवी असते ती सोडण्याची वेळ. मासे अंडी घालतात त्या आठवड्यांत विसर्ग वाढवायला कंपनी तयार झाली, त्याबदल्यात मच्छीमारांनी इतर आठवड्यांत संध्याकाळी विसर्ग कमीजास्त करण्याची सवलत दिली, आणि २०० दलघमीचा आकडा वादातून हळूच निघून गेला. दुसरी गाठ त्याहून सुंदर होती. वरच्या कालव्याचे शेतकरी २६० वर अडून बसले होते. बैठक चालवणाऱ्या सूत्रधाराने त्यांना विचारले, की गेल्या वर्षी पाणी आले तेव्हा तुम्ही गरजेपेक्षा जास्त भरले का? उत्तर आले, हो, कारण पुढचे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याची पाळी, केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. त्यांची खरी भूक पाण्याची कमी आणि तारखेची जास्त होती. आवर्तनाच्या तारखा लेखी ठरवून मिळत असतील तर २०५ वर येऊ, असे ते म्हणाले. हमी देणारे खाते म्हणजे मी. मी हमी दिली. शहराने गळती कमी करून १०५ वर येण्याचे मान्य केले (गळती एका हंगामात बंद होत नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलले नाही), शेपटाकडचे ११० वर आले, नदीला १२० ठरले. एकूण बरोबर ५४०. टाळ्या वाजल्या.

माझ्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ होती: खात्याने साठ दलघमी पाणी एका औद्योगिक क्षेत्राला लेखी आदेशाने आधीच दिलेले आहे, कोणी थेट विचारले तरच सांगावे. कोणी विचारले नाही. मी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनी ती ओळ सर्वांना वाचून दाखवली आणि वाटपासाठी खरे पाणी ४८० होते हे उघड झाल्यावर जे झाले ते मला अजून आठवते: वरच्या कालव्याच्या प्रतिनिधीने आरडाओरडा केला नाही, त्याने फक्त २६० ची मागणी पुन्हा लिहून दिली. तारखांची हमी देणाऱ्याचा शब्द पोकळ निघाला होता, मग त्याने ५५ दलघमी कशाच्या भरवशावर सोडावेत? आणि या साऱ्यात शेपटाकडचे शेतकरी पुन्हा साठावर येऊन पडले, जणू दोन दिवस कोणी काही बोललेच नव्हते.

यानंतरची चर्चा हा माझ्या नाराजीचा गाभा आहे. मार्गदर्शकांनी या प्रसंगातून दोन धडे काढले. पहिला, वाटाघाटीत योग्य प्रश्न विचारायला शिकावे. दुसरा, माहिती दडवल्याने विश्वास तुटतो. दोन्ही खरेच आहेत, आणि माझ्या नैतिकतेवर दहा मिनिटे खर्च झाली त्याचेही मला वाईट वाटले नाही. पण ज्याला कोणते प्रश्न विचारावेत हेच ठाऊक नाही त्याच्यावर प्रश्न विचारण्याची जबाबदारी टाकायची, ही शिकवण कोणाच्या सोयीची आहे? त्या साठ दलघमीचा निर्णय बैठक बोलावण्यापूर्वी झाला होता, तो बैठकीच्या कार्यकक्षेबाहेर ठेवला गेला होता, आणि उरलेल्या पाण्यावर बारा माणसांनी प्रामाणिकपणे दोन दिवस घाम गाळला. प्रत्यक्षातल्या समित्यांच्या कार्यकक्षा मी टंकलिखित केल्या आहेत. ‘धरण व्हावे की न व्हावे’ हा प्रश्न त्यांत क्वचितच असतो; ‘पुनर्वसन कसे व्हावे’ हा असतो. ‘खाण हवी का’ नसते, ‘वाहतुकीचा रस्ता कोणता’ असते. मग लोक रस्त्याविषयीच्या बैठकीत खाणीबद्दल बोलू लागले की ते विषय सोडून बोलतात, भावनिक होतात, सहकार्य करत नाहीत, असे इतिवृत्तात येते. मीही तसे लिहिले आहे.

शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत दिशाभूल ही तळाची पायरी आणि सल्लामसलत ही चौथी. खरी भागीदारी सहाव्या पायरीवर सुरू होते. अभ्यासक्रमात ही शिडी दुसऱ्याच आठवड्यात येते आणि नंतर कोठेही दिसत नाही. खेळ संपल्यावर ती पुन्हा बाहेर काढून, आपण दोन दिवस नेमके कोणत्या पायरीवर उभे होतो असे विचारले असते, तर धडा पूर्ण झाला असता. १९९८ च्या आर्हुस कराराचीही तीच गत आहे. पर्यावरणविषयक माहिती, सहभाग आणि न्याय या तीन हक्कांचा तो करार म्हणून त्याची ओळख करून दिली जाते. पण सर्व पर्याय खुले असताना आणि सहभागाचा परिणाम होऊ शकत असतानाच, म्हणजे सुरुवातीलाच, लोकांना सामील करून घ्यावे, ही त्यातली सर्वांत टोकदार तरतूद एका ओळीत आटोपली जाते. ‘हरकती व सूचना’ मागवण्याची जाहिरात प्रकल्पाचा आराखडा तयार झाल्यावर निघते की आधी, यावर त्या तरतुदीचा सगळा अर्थ अवलंबून आहे.

हा आंधळा कोपरा सर्वांत उघडा पडतो तो ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्याच्या प्रकरणात. ऑक्टोबर २०१० मध्ये खोरे प्राधिकरणाने प्रस्तावित आराखड्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत पर्यावरणासाठी ३००० ते ४००० गिगालिटर पाणी परत मिळवण्याचे म्हटले होते. एक गिगालिटर म्हणजे आपल्या भाषेत एक दलघमीच. ग्रिफिथ या सिंचनावर जगणाऱ्या गावात शेतकऱ्यांनी त्या मार्गदर्शिकेच्या प्रती जाळल्या. अभ्यासक्रमाच्या टिपणानुसार ही संवादाची चूक होती: आकडे आधी आले आणि माणसे नंतर. ते चूक नाही. परंतु डिसेंबर २०१० मध्ये प्राधिकरणाचे अध्यक्ष माइक टेलर यांनी राजीनामा दिला, तो लोकांशी नीट बोलता आले नाही म्हणून दिलेला नव्हता. २००७ च्या जलकायद्याने पर्यावरणाला अग्रक्रम देणे प्राधिकरणाला बंधनकारक केले आहे, असे त्यांचे म्हणणे होते, तर कायद्यात आर्थिक आणि सामाजिक बाजूही सोबत तोलण्यास वाव आहे असा कायदेशीर सल्ला सरकारने पुढे केला होता. म्हणजे आपल्याला नेमके काय ठरवण्याचा अधिकार आहे यावर बोलावणाऱ्यांचेच एकमत नव्हते आणि सभागृहात आलेल्या शेतकऱ्याला मात्र शांतपणे आपले मत मांडायला सांगितले जात होते. २०१२ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात २७५० गिगालिटरचा आकडा आला. तो आकडा बरोबर की चूक यावर मी काही म्हणत नाही; पण सूत्रधार कितीही कुशल असला तरी कार्यकक्षेतली ही फट त्याला बुजवता आली नसती, आणि टिपणात तिचा उल्लेखही नाही.

सातवा आठवडा मात्र निर्विवाद सरस आहे. विषय आहे संयुक्त तथ्यशोधाचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपापले तज्ज्ञ आणून एकमेकांवर सोडण्याऐवजी कोणते प्रश्न विचारायचे, कोणाकडून अभ्यास करून घ्यायचा आणि कोणता पुरावा मानायचा हे मिळून ठरवण्याचा. आधी उलटे उदाहरण येते. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे लोक १९८० च्या दशकात कॉड मासा कमी होत असल्याचे सांगत होते. सरकारी अंदाज मात्र खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांच्या पकडीवर बराच विसंबून होते, आणि ती जहाजे उरलेसुरले थवे शोधून काढण्यात तरबेज असल्याने पकड चांगलीच दिसत राहिली. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० माणसांचे काम गेले. कोणाचे ज्ञान ज्ञान मानायचे हा प्रश्न किती महाग पडू शकतो हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

त्याच्या शेजारी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे ग्रेट बेअर वर्षावन ठेवले आहे. सुमारे ६४ लाख हेक्टरांचा हा प्रदेश. एका बाजूला लाकूड कंपन्या, दुसऱ्या बाजूला पर्यावरण संघटना, आणि या दोघांच्याही कितीतरी आधीपासून तेथे राहणारी आदिवासी राष्ट्रे. सर्व बाजूंनी मिळून पैसा उभा केलेल्या एका स्वतंत्र अभ्यासगटाने जंगलाची परिसंस्था, अर्थव्यवस्था आणि संस्कृती यांची माहिती गोळा केली, आणि पुढची बोलणी त्या सामाईक माहितीवर झाली. २००६ मध्ये समझोता जाहीर झाला आणि २०१६ मध्ये जंगलाचा ८५ टक्के भाग व्यापारी तोडीपासून कायम वगळण्याचे ठरले. मार्गदर्शकांनी अभ्यासगटाची रचना, त्यातले मतभेद, मान्य झालेले आणि न झालेले निष्कर्ष हे सारे फार बारकाईने उलगडले. माझा आक्षेप एवढाच, की या गोष्टीची सुरुवातही त्यांनी अभ्यासगटापासून केली. त्याआधी १९९० च्या दशकात पर्यावरण संघटनांनी हे लाकूड विकत घेणाऱ्या मोठ्या परदेशी ग्राहकांवर दबाव आणला होता. मागणी हलू लागली तेव्हा कंपन्या बोलायला आल्या, त्यांनी काही खोऱ्यांतली तोड थांबवली आणि संघटनांनी आपली मोहीम थांबवली. आदिवासी राष्ट्रांनीही आपण इतरांसारखे एक हितसंबंधी नसून शासन आहोत असा आग्रह धरला आणि सरकारशी बरोबरीच्या नात्याने स्वतंत्र बोलणी केली. त्या खोलीतला सुसंवाद खोलीबाहेरच्या भांडणातून आला होता. अभ्यासक्रमाच्या शब्दकोशात संघर्ष ही ‘हाताळण्याची’ गोष्ट आहे. काही वेळा दुबळ्या बाजूला संघर्ष आधी उभा करावा लागतो, तेव्हा कोठे तिला खुर्ची मिळते, हे त्यात बसत नाही.

आठव्या आठवड्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यात सहमतीचे फायदे सांगितले आहेत आणि सहमतीने खटले व वेळ वाचतो असे विधान बेधडक केले आहे. कॅरी कोग्लियानेस यांनी १९९७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वाटाघाटीतून केलेल्या नियमांची छाननी केली तेव्हा अशा नियमांनी ना वेळ वाचवला होता ना खटले. या निष्कर्षावर नंतर वादही झाले, पण त्याचा उल्लेखच न करणे म्हणजे माल विकण्यासारखे झाले. सहमतीची बाजू घेण्यासाठी तिच्याविरुद्धचा पुरावा लपवण्याची गरज नाही. लोकांनी मिळून केलेला नियम लोकांना जास्त समजतो, एवढे कारणही मला पुरते.

सोयीसुविधांविषयी थोडक्यात. आठवड्याला सहा तास लागतील असे सांगितले जाते, प्रत्यक्षात खेळाच्या आठवड्यांत दहा ते बारा लागले. वर्गात बाराच जण असणे ही या अभ्यासक्रमाची मोठी जमेची बाजू आहे. ध्वनिचित्रफिती स्वच्छ आहेत, त्यांची लेखी संहिता मिळते, आणि जोडणी कमकुवत असली तरी संहितेवर काम भागते. लेखी कामावरचे शेरे वेळेवर येतात, पण आठातले पाच शेरे कोणालाही चालतील असे होते. संपूर्ण अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, आणि ज्यांच्या जमिनी, बोटी आणि कुरणे पणाला लागलेली असतात त्यांच्यापैकी फार थोडे त्या वर्गापर्यंत पोहोचतील हे उघड आहे. आमच्या बारा जणांत एकही शेतकरी किंवा मच्छीमार नव्हता. त्या सगळ्यांच्या भूमिका आम्हीच केल्या.

खात्यांत, खोरे प्राधिकरणांत, वन विभागांत काम करणाऱ्यांनी, आणि विशेषतः ज्यांना बैठक चालवावी लागते पण ते कधी कोणी शिकवलेले नाही अशा अधिकाऱ्यांनी, हा अभ्यासक्रम जरूर करावा. चौथा ते सातवा आठवडा त्यांच्या कामात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल. संघटनांच्या कार्यकर्त्यांनी तो करावा, पण समोरचा माणूस कोणते डावपेच शिकून आला आहे हे कळावे म्हणून. ज्यांना समझोता न झाल्यास साठच मिळणार आहेत, त्यांनी यात वेळ घालवण्याआधी माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते शिकावे असे माझे प्रामाणिक मत आहे.

शेवटच्या लेखी कामात आम्हाला खेळातल्या एका भूमिकेची चिठ्ठी सुधारून लिहायची होती. मी माझीच निवडली. मागच्या बाजूची ओळ मी पुढच्या बाजूला घेतली आणि खात्याने पहिल्या बैठकीच्या आधी सर्वांना पाठवायचे एक पानी पत्र जोडले: काय ठरलेले आहे, कोणी व कोणत्या तारखेच्या आदेशाने ठरवले, त्यातले काय बदलता येईल, काय येणार नाही आणि का. शंभरापैकी ७२ गुण मिळाले. कापलेल्या गुणांसमोरचा शेरा असा होता, की मांडणी विचारपूर्वक आहे, तथापि औद्योगिक क्षेत्राला दिलेले पाणी हा या सरावाच्या कार्यकक्षेबाहेरचा विषय आहे.